पानं टाकणारे कंपाउंडर

कासाच्या दवाखान्यातले आमचे कंपाउंडर तीनपानी खेळायला बसले की दहांतले आठ डाव पहिल्याच फेरीत सोडून द्यायचे. पानं उचलायची, एकदाच बघायची, एकावर एक नीट जुळवायची आणि पालथी करून सतरंजीवर ठेवायची. ठेवताना आवाजसुद्धा व्हायचा नाही. चेहऱ्यावर नाराजी नाही, कंटाळा नाही. मग खिशातलं सुपारीचं खांड तोंडात टाकायचं आणि उरलेला डाव आम्ही कसे खेळतो ते बघत बसायचं. न खेळण्यासाठी इतक्या नेमाने येणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तरीण होते. अलिबागकडची, तेवीस वर्षांची, आणि घरच्यांशी भांडून इतक्या लांब नोकरीला आलेली. गावात सरकारी नोकर म्हणावेत असे आम्ही मोजकेच. डॉक्टर आठवड्यातून दोनदा डहाणूहून यायचे, बाकीचे दिवस दवाखाना कंपाउंडरच चालवायचे. ते तिशीचे, सडसडीत, सावळे, मूळचे उंबरगावकडचे. आई तिकडे गावी, चिकूच्या लहानशा वाडीत एकटी राहायची. दवाखान्यापलीकडे जंगलखात्यातल्या रेंजरसाहेबांचं घर होतं, आणि त्या घराच्या ओट्यावर दर रविवारी दुपारी आमचा अड्डा जमायचा.

अड्डा खरा रेंजरसाहेबांच्या पत्नीचा. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. त्यांचं माहेर बलसाडचं. तिकडे श्रावणात सातम-आठमला घरातल्या सुनासुद्धा पत्ते कुटायला बसतात. वहिनींना त्या दोन दिवसांनी काय होणार? त्यांनी कासाला येऊन बाराही महिन्यांचा श्रावण केला. तरण्या मास्तरणीने पुरुषांबरोबर पत्ते खेळावेत का, असा प्रश्न मी भीत भीत काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बेठी आहे ना? मग कोण काय बोलणार?" बसलेलीला त्या बेठी म्हणायच्या. आणि खरोखरच कोणी काही बोललं नाही. वहिनींपुढे बोलायची कोणाची छाती नव्हती.

पैसे लावायचे नाहीत, हा रेंजरसाहेबांचा हुकूम. त्यामुळे आम्ही चिकूच्या बियांवर खेळायचो. घोलवडहून चिकूची करंडी आली की फळं खाऊन बिया धुवायच्या, वाळवायच्या आणि डब्यात भरायच्या. खेळ सोपा. प्रत्येकाला तीन पानं. हवं तर बघा आणि दोन बिया टाका, हवं तर न बघता आंधळं खेळा आणि एकच बी टाका. जमत नसेल तर पानं टाकून मोकळे व्हा. शेवटी दोघं उरले की पानं उघडायची, ज्याची भारी त्याचा ढीग.

मी आंधळी खेळायचे. पानं बघायला मला धीरच नसायचा. बघितली तरी दुर्री-तिर्रीवर मी चार चार फेऱ्या बसायचे आणि समोरच्याकडे असं बघायचे की जणू माझ्याकडे तीन एक्के आहेत. त्यात अर्ध्या वेळा फजिती व्हायची आणि डबा रिकामा व्हायचा. पण कधी कधी खरंच भारी पानं यायची, आणि तेव्हा कोणाचा माझ्यावर विश्वास बसायचा नाही. सगळे शेवटपर्यंत बसायचे, आणि माझा ढीग असा वाढायचा की रेंजरसाहेब टोपी काढून डोकं खाजवायचे.

कंपाउंडरांचं उलट होतं. ते बसले म्हणजे पानं भारी, हे आम्हाला ठाऊक. त्यांनी दोन बिया पुढे सरकवल्या की आम्ही भराभरा पानं टाकून पळ काढायचो. एकदा त्यांच्याकडे तीन राजे आले होते. त्या तीन राजांवर त्यांना चार बिया मिळाल्या. मी हसून हसून लोळायची तेवढी राहिले. त्यांनी राजे परत गड्डीत सारले आणि म्हणाले, "असू द्या बाई. चार तर चार."

मी त्यांना एकदा विचारलं, दर रविवारी पानं टाकून कंटाळा कसा येत नाही? त्यावर ते म्हणाले, "पानं टाकण्यात लाज कसली? ती काय आपण मागून घेतलेली नसतात." आणि थोड्या वेळाने, माझा डबा तिसऱ्यांदा रिकामा होताना बघून, हळूच म्हणाले, "खराब पानांवर जीव लावला ना बाई, की चांगल्या पानांना द्यायला काही उरत नाही." मी म्हटलं, जन्मभर चांगल्या पानांची वाट बघत बसणारे आणि पत्ते न खेळणारे यांत फरक काय? ते नुसतेच हसले. हसले की त्यांचा एक दात दुसऱ्यावर थोडा चढलेला दिसायचा.

हा माणूस दवाखान्यातही असाच होता. औषधाच्या बाटलीवर डोसाची कागदी पट्टी कातरून चिकटवायचा तर तिच्या खाचा अशा सारख्या की फूटपट्टी लावून मोजून घ्याव्यात. पाड्यावरच्या बायका त्यांना 'डाक्तर' म्हणायच्या. दर वेळी ते न चिडता सांगायचे, "डाक्तर मंगळवारी नि शुक्रवारी येतात, मी फक्त मिक्श्चर देतो." माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला त्यांना कधी जड गेलं नाही. आमच्या शाळेत नेमकी हीच गोष्ट कोणाला जमत नव्हती, मला धरून.

एका पावसाळ्यात सूर्या नदीपलीकडच्या एका पाड्यावर जुलाबाची साथ आली. नदी फुगलेली. औषधाची पेटी डोक्यावर घेऊन कंपाउंडर काठावर आले आणि उभेच राहिले. रेंजरसाहेब आधीच जोशात पाण्यात उतरले होते. मध्यावर पाय सुटला, वहाणा वाहून गेल्या आणि दोन गड्यांनी त्यांना बखोटीला धरून परत आणलं. माणसं कंपाउंडरांवर ओरडत होती, पलीकडे पोरं मरतायत आणि हा खांबासारखा उभा. मीही मनात चिडले होते. ते काठाजवळच्या एका खडकाकडे बघत होते. अर्ध्या तासाने पाणी ओसरून खडकाचा माथा वर आला, तसे ते उतरले आणि पलीकडे गेले. तीन दिवस तिकडेच राहिले. पेटीतली एकही बाटली फुटली नव्हती, आणि त्यांच्या हाती आलेलं एकही पोर गेलं नव्हतं. त्या दिवसापासून मला ते आवडायला लागले, हे आता लिहायला हरकत नाही.

आवडायला लागले म्हणजे काय झालं? रविवारची वाट बघणं शुक्रवारीच सुरू व्हायला लागलं. मला खोकला झाला की बाटली घरी यायची आणि पट्टीवर नेहमीपेक्षा एक खाच जास्त असायची. शाळेच्या छपरातून पाणी गळत होतं, तर एका सकाळी कौलं बसवलेली दिसली आणि कोणी बसवली ते कोणी सांगेना. बाजारातून परत येताना ते भेटले तर माझ्याबरोबर चालायचे, पण मध्ये सायकल धरून. सायकल कधी या बाजूची त्या बाजूला झाली नाही. वहिनी सगळं बघत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या.

मी का नाही बोलले? ओट्यावर मी सगळ्यांत बडबडी. हेडमास्तरांना तोंडावर आळशी म्हणणारी, रेंजरसाहेबांच्या मिशांची थट्टा करणारी. मनात आलं की जिभेवर आलंच. कंपाउंडर म्हणायचेसुद्धा, "बाईंचं बरं आहे, त्यांच्या मनात काय आहे ते शोधावं लागत नाही." आणि तेच ऐकून मी गप्प व्हायचे. मला वाटायचं, हा माणूस खात्री झाल्याशिवाय बसत नाही. ज्या दिवशी खात्री होईल त्या दिवशी आपण होऊन बोलेल. आपण कशाला पुढे व्हायचं? घरातून भांडून बाहेर पडलेल्या मुलीची अब्रू तशी कागदाइतकीच जाड असते.

त्या वर्षी सातमला वहिनींनी फर्मान काढलं. "आज तुम्ही दोघं उलटं रमायचं. बाई पानं बघून, आणि भाई, तुम्ही आंधळे." खेळण्याला त्या रमणं म्हणायच्या. मी पहिले चार डाव सभ्यपणे पानं टाकली आणि जीव नकोसा झाला. कंपाउंडर मात्र हुकूम पाळत होते. पानांना हात न लावता एकेक बी पुढे ठेवत होते, कपाळावर घाम. पाचव्या डावाला मी म्हटलं, आता मीही बघत नाही. रेंजरसाहेबांनी पानं टाकली, वहिनींनी टाकली. उरलो आम्ही दोघं, दोघंही आंधळे.

एक बी त्यांची, एक माझी. एक त्यांची, एक माझी. डबे रिकामे होत आले तरी दोघांपैकी कोणी पानं उचलेना. वहिनींनी पंखा हलवायचा थांबवला. कंपाउंडरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात असं काही होतं की माझा हात आपोआप पानांकडे गेला. मी ती उचलून बघितली. चौकटची सत्ती, किलवरची नव्वी, इस्पिकचा गुलाम. एरवी अशा पानांवर मी गाव पेटवलं असतं. त्या दिवशी मी ती टाकली. कंपाउंडरांनी आपली पानं बघितलीच नाहीत, गड्डीत मिसळून टाकली. वहिनी म्हणाल्या, भाई, बघा तर खरं काय होतं. ते म्हणाले, "आता बघून काय करू?" जिंकलेल्या बिया त्यांनी माझ्याच डब्यात ओतल्या आणि दवाखान्यात कोणीतरी आलंय म्हणून उठून गेले. दवाखान्यात कोणी आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी राज्याची वाटणी ठरली. मुंबई राज्याचे दोन तुकडे होणार, आमचा डहाणू तालुका इकडे आणि उंबरगाव गुजरातेत. बाजारात दोन्ही भाषा एकाच श्वासात बोलणारी माणसं एकमेकांना विचारायला लागली, तुझं गाव कुठे पडलं? कंपाउंडरांचं गाव पलीकडे पडलं. दवाखान्यात कागद आला, कोणत्या राज्यात नोकरी करायची ते लिहून द्या. पंधरा दिवसांची मुदत होती. एकदा लिहिलं की बदल नाही.

मुदतीच्या आधीच्या रविवारी ते पत्त्यांना आले नाहीत. संध्याकाळच्या आधी, मी वह्या तपासत बसले असताना, माझ्या दारात सायकल उभी राहिली. ते उंबऱ्याबाहेरच थांबले. मी पाट दिला, तो त्यांनी अंगणातच ठेवून घेतला आणि त्यावर बसले. कागद खिशात होता. घडी दिसत होती. बराच वेळ पावसापाण्याचं बोलून झालं. शाळेच्या नव्या फळ्याचं बोलून झालं.

मग ते म्हणाले, "बाई, तुम्हाला काय वाटतं? मी काय लिहावं?"

मी वही खाली ठेवली. इथेच राहा, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मला वाटलं, हा माणूस खात्री केल्याशिवाय पाऊल टाकत नाही, म्हणजे हा सल्लाच विचारतोय. चार जणांना विचारलं असेल, पाचवी मी. त्याला सल्ल्याच्या जागी मी माझं मन दिलं तर तो कुठे बघेल आणि मी कुठे बघीन? आणि गावी त्याची म्हातारी आई एकटी. तिला तिथे टाकून माझ्यासाठी राहा म्हणणारी मी कोण?

म्हणून मी मोठ्या शहाणपणाने बोलले. म्हटलं, "तुमची आई तिकडे आहे, वाडी आहे, घर आहे. या वयात त्यांना तुमच्याशिवाय कोण? मला वाटतं गुजरातच लिहावं."

त्यांनी अंगणातल्या कोंबडीकडे बघितलं. मग म्हणाले, "बरोबर आहे." उठले, पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला आणि सायकल हातात धरून चालत निघाले. वाटेला लागेपर्यंत सायकलवर बसले नाहीत. मी दारात उभी होते. एकदा हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं होतं.

महिन्याभराने ते गेले. चारोटी नाक्यावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि माझ्याकडे मात्र रागाने बघितलं. पाड्यावरच्या बायका कोंबडी घेऊन आल्या होत्या, ती त्यांनी घेतली नाही. मला त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या दिल्या. पट्ट्यांवर नेहमीइतक्याच खाचा होत्या. एसटी हलली तेव्हा ते उजवीकडे बसले होते आणि आम्ही डावीकडे उभे होतो. मध्ये बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून त्यांचा हात तेवढा दिसला.

ओट्यावरचे पत्ते नंतर दोन-चार रविवार चालले. नव्या कंपाउंडरांना रमी आवडायची. मला खेळात राम वाटेना. पुढे रेंजरसाहेबांची बदली झाली आणि अड्डाच मोडला. घरून माझ्यासाठी स्थळं येत होती, मी एकेक नाकारत गेले. का, ते कोणाला सांगितलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत कधी तलासरीपर्यंत जायचे, तिथल्या शाळेत माझी एक मैत्रीण होती. तिच्या घरामागे उभं राहिलं की हमरस्त्यावरून गुजरातेत जाणारे ट्रक दिसायचे. सरहद्द तिथून हाकेवर. त्यांचं गाव त्यापुढे सायकलच्या वाटेवर. मैत्रीण म्हणायची, जाऊन ये ना एकदा, एसटी आहे. मी म्हणायचे, पुढच्या वेळी.

सहा-सात वर्षं गेली. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. शाळेतल्या मुलींना घेऊन मी गेले होते. सुक्या मासळीच्या बाजाराजवळ, टोपल्यांच्या दुकानाच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, कासाच्या शाळेतली तू का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, माझा पोरगा तिथे दवाखान्यात होता. आताच त्याने लांबून तुला दाखवलं. तो नारळ आणायला गेलाय.

मी तिच्या पाया पडले. तिने हात धरून मला शेजारी बसवलं. हाताला चिकूचा चीक लागून काळे डाग पडलेले होते. माझं लग्न झालं का, ते तिने विचारलं. मी नाही म्हटलं. तिने माझा हात तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "मी तर बिछाना बांधून बेठी होती गं. वाडी भावाला दिली. पोरगा बोलला होता, आय, तुला कासाला नेतो, तिथे एक बाई हाय. मी बोलले, चल. मला काय, जिथे तू तिथे मी. मग एक दिस कागद देऊन आला आणि बोलला, बिछाना सोड."

मी एवढंच विचारलं, का म्हणाले असं?

"मी पण विचारलं. तर बोलला, तिला विचारून आलो. ती बाई मनात असेल ते बोलते, लपवत नाही. तिला पाहिजे असतं तर बोलली असती."

तेवढ्यात ते आले. हातात नारळ, मागे बायको, तिच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी. कानांपाशी केस पांढरे झाले होते. बायको हसतमुख होती, मला बघून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांनी विचारलं, "बऱ्या आहात ना बाई?" मी म्हटलं, बरी आहे. शाळा कशी आहे, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आता सातवीपर्यंत झाली. मुलीच्या हातावर मी खाऊसाठी काहीतरी ठेवलं. म्हातारीने माझा हात सोडला. दर्शनाची रांग वाढत होती, म्हणून ती सगळी देवळाकडे निघाली आणि मी मुलींची डोकी मोजायला लागले. दोनदा मोजली तरी आकडा जुळेना.

त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. राग धरावा असा त्यांचा काही गुन्हा नव्हता. मला ते ओट्यावर ओळखत होते तशीच मी आहे, असं त्यांनी धरलं, आणि बरोबरच धरलं. हेडमास्तरांना, रेंजरसाहेबांना, घरच्यांना, साऱ्या कासाला मी मनात येईल ते बोलत आले. जन्मात एकदाच नीट विचार करून बोलले, आणि ते त्यांच्याशी बोलले.